वांग्याच्या फुलाच्या रंगाची भिंत

कुणाचा स्वयंपाक चालला असेल, कुणी धान्य पाखडत असेल, कुणी शेळीपुढं पाला टाकून नुकतीच टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडं द्या. आज भिंतीच्या रंगाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट जुनी आहे, अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जाते. पण सुरुवात करते आमच्या एका गटाच्या गेल्या वर्षीच्या मासिक बैठकीपासून.

त्या दिवशी बचत गोळा झाली, हप्ते आले, मग कर्जमागणीचा विषय निघाला. एकीला शेळ्या घ्यायच्या होत्या, एकीला मुलाची फी भरायची होती. तेवढ्यात आमच्यातली एक ताई, जी बैठकीत कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मला आठ हजार पाहिजेत. घरकुलाला आतून रंग द्यायचाय." कुणीतरी विचारलं, कसला रंग? तिनं पिशवीतून रंगाच्या दुकानातला एक छापील तुकडा काढला. फिकट जांभळा रंग. खाली इंग्रजीत नाव होतं, लॅव्हेंडर. ती म्हणाली, "वांग्याचं फूल असतं बघा, तसा आहे."

बायका हसल्या. एक म्हणाली, "शेळी दूध तरी देईल, भिंत काय देणार?" आणि मी, सहयोगिनी म्हणून वही पुढ्यात घेऊन बसलेली, मीही शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, रंग म्हणजे हौस. हौसेला गटाचं कर्ज नको." तिनं तो तुकडा गुपचूप परत पिशवीत ठेवला. मागणी पुढच्या बैठकीवर गेली.

घरी येऊन हे आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आम्ही दरसाल भिंती करत होतो, तेव्हा कुणी हौस म्हटलं नाही. न केल्या तर फूहड म्हणायचे."

हे माझ्या मनाला लागलं. मी वही घेऊन आईजवळ बसले आणि तिच्या भिंतींचा हिशोब मांडला.

आमचं जुनं घर मातीचं. नवरात्राच्या आधी घरोघर दसरा निघायचा. गोधड्या नदीवर जायच्या, भांडी अंगणात यायची, आणि घर रिकामं झालं की भिंती. आपल्याकडं शेतीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. भिंतीला लागायची ती पांढरी माती. ती आणायला आई आणि आजी गावाबाहेरच्या खड्ड्यावर जायच्या. वर्षानुवर्षं बायकांनी खोदून त्या खड्ड्याला आतून कपार पडलेली. आई सांगते, एक जण आत वाकून खोदायची आणि दुसरी बाहेर उभी राहून वरच्या दरडीकडं लक्ष ठेवायची. माती आणायला दोन दिवस. फोडून, चाळून, भिजवायला एक दिवस. भेगा बुजवायच्या, शेणमातीनं लिंपायचं, वाळलं की पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवायचं, खाली गेरूचा पट्टा ओढायचा, याला तीन दिवस. म्हणजे सहा दिवस, दोघी जणी. बारा रोज झाले.

हे फक्त भिंतींचं. जमिनीचं सारवण आठवड्यातून एकदा, दोन तास. वर्षाचे बावन्न आठवडे, एकशे चार तास. आठ तासांचा एक रोज धरला तर आणखी तेरा रोज. बारा आणि तेरा, पंचवीस. आमच्या भागात आज बाईला खुरपणीचा ३०० रुपये रोज मिळतो. पंचवीस रोजांचे झाले ७,५०० रुपये.

ताईनं मागितले होते आठ हजार.

मी त्या आकड्याकडं बघत राहिले. भिंतीचा खर्च काही नवा नव्हता. तो दरसाल होत होता. बायका तो हातानं भरत होत्या, म्हणून कुठल्या वहीत आला नाही. सिमेंटची भिंत आली, रंग डब्यातून आला, त्याला पैसे पडायला लागले, आणि त्या दिवशी तो खर्च सगळ्यांना दिसला. दिसल्याबरोबर आपण त्याला हौस म्हणालो.

मग मी भिंतीच्या रंगाचा इतिहास शोधत गेले. बी.ए.ला इतिहास होता, पण त्यात राजे होते, लढाया होत्या, भिंती नव्हत्या. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

आधी हे बघू, की गावच्या मातीतून कोणते रंग मिळतात. पांढरा मिळतो, मातीचा नाहीतर चुन्याचा. गेरूचा लाल मिळतो. पिवळी माती मिळते. काजळीचा काळा मिळतो. काही ठिकाणी हिरवट दगड मिळतो. संपलं. निळा मिळत नाही आणि जांभळा तर नाहीच. जांभळं खाऊन जीभ जांभळी होते, पण त्या रसानं भिंत रंगवली तर चार दिवसांत तपकिरी पडेल. म्हणून आपल्या जुन्या घरांत पांढऱ्या भिंती आणि गेरूचे पट्टेच दिसतात. आपल्या आज्यांना दुसरे रंग आवडत नव्हते असं नाही. त्यांच्या लुगड्यांत वांगी होता, अंजिरी होता, आमसुली होता. कापडावर ते चढत होते, भिंतीवर चढत नव्हते.

आता अजिंठ्याला चला. आमच्यातल्या बऱ्याच जणी फर्दापूरला एसटीनं उतरून तिथं जाऊन आल्या आहेत. तिथल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रांतली बरीचशी पाचव्या शतकातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. पण ती कशावर काढली आहेत? दगडावर मातीचा गिलावा केला आहे. त्या मातीत भाताचं तूस आहे, गवताचे आणि झाडपाल्याचे धागे आहेत. वर पांढरा पातळ हात दिला आहे आणि त्यावर रंग. माझ्या आईच्या भिंतीची जी कृती, तीच जवळपास अजिंठ्याच्या भिंतीची. फरक असा, की तिथल्या भिंतीला आपण जागतिक वारसा म्हणतो.

तिथले लाल, पिवळे, हिरवे, पांढरे रंग माती-दगडाचे आहेत. निळा मात्र लाजवर्द नावाच्या दगडाचा आहे. तो दगड आपल्या देशात निघत नाही. तो येत होता अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून. हजारो वर्षं त्याच्या खाणी तिथंच. बदख्शान ते अजिंठा, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर किती महिने लागत असतील, विचार करा. म्हणून तिथं निळा हात राखून वापरलेला दिसतो. युरोपातही हाच दगड समुद्रापलीकडून जायचा आणि चित्रकार त्याला सोन्याच्या तोलाचा मानायचे. निळी भिंत हे गरिबाचं काम नव्हतं.

जांभळ्याची तर गोष्टच वेगळी. भूमध्य समुद्राच्या काठी, आज जिथं लेबनॉन देश आहे, तिथं टायर नावाच्या बंदरात समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढायचे. १९०९ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो रंग तपासायला बारा हजार गोगलगायी घेतल्या, तेव्हा हातात दीड ग्रॅमही रंग आला नाही, १.४ ग्रॅम आला. एवढ्या महाग रंगाचं कापड कोण नेसणार? रोममध्ये बादशहांनी त्या गर्द जांभळ्या वस्त्रांवर बंधनं घातली होती. रंग कुणी वापरायचा हेही सत्तेनं ठरवलं होतं.

मग हे रंग आपल्या दारापर्यंत आले कसे? आधी निळा आला.

१८२४ साली फ्रान्समधल्या उद्योगाला उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेनं बक्षीस लावलं, लाजवर्दाच्या दगडाशिवाय तसाच निळा रंग स्वस्तात करून दाखवा, सहा हजार फ्रँक देऊ. १८२८ साली ते बक्षीस झाँ-बाप्तिस्त गिमे या माणसाला मिळालं. चिकणमाती, सोडा, गंधक असे पदार्थ भट्टीत भाजून त्यानं रंग केला. जो रंग तांड्यावरून यायचा तो कारखान्यातून पोत्यानं निघायला लागला. त्याचं नाव अल्ट्रामरिन. आपण त्याला ओळखतो नीळ म्हणून. कपड्यांना घालायची, पुडीतली.

इथं एक घोटाळा सोडवते, कारण मलाही तो होता. नीळ दोन आहेत. एक झाडाच्या पानांची, कापड रंगवायची. त्या निळीसाठी इंग्रज मळेवाल्यांनी बंगालच्या शेतकऱ्यांवर जबरदस्ती केली आणि १८५९ साली तिथं शेतकऱ्यांचं बंड झालं. बिहारच्या चंपारण्यात वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती होती. १८९७ साली जर्मनीत कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि झाडाच्या निळीचा भाव कोसळला, पण मळेवाले कुळांना सोडेनात. १९१७ साली गांधीजी तिथं गेले, आणि पुढच्या वर्षी कायद्यानं ती सक्ती गेली. त्या कामात आपल्याकडची एक बाईही होती. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले चंपारण्यातल्या खेड्यात जाऊन तिथल्या शाळेत शिकवत होत्या. पुढं १९१८ साली त्यांनी गांधीजींचं मराठीत चरित्रही लिहिलं.

दुसरी नीळ ही गिमेच्या भट्टीतली. आपण चुन्यात घालायचो ती ही. चुन्यात घालायला तीच का? कारण चुना फार दाहक असतो. पुष्कळ रंग त्यात जळून फिके पडतात. ही नीळ चुन्यात टिकते. उलट आंबटानं ती उडते, लिंबाच्या रसानंसुद्धा. आणि थोडीशी नीळ चुना अधिक पांढरा का दाखवते? चुन्यात किंवा जुन्या कापडात पिवळट झाक असते. निळा रंग त्या पिवळ्याला मारतो, आणि डोळ्यांना पांढरं शुभ्र वाटतं. चिमूट जास्त पडली की भिंत आभाळी व्हायची. आमच्या गावात निम्मी घरं अशीच आभाळी होती.

चुना देणं हेही बाईमाणसाला नवीन नव्हतं. कळीचा चुना पिंपात टाकून पाणी ओतलं की तो रटरटून उकळायचा. पोरांना लांब ठेवायचं, डोळे सांभाळायचे. रात्रभर विझू द्यायचा, सकाळी गाळून नीळ घालायची, डिंकाचं नाहीतर खळीचं पाणी घालायचं आणि कुंच्यानं मारायचा. हात सोलून निघायचे. आईच्या बोटांच्या पेरांत अजून त्याचे पांढरे व्रण आहेत.

आता जांभळ्याकडं येते. १८५६ साल. आपल्याकडं १८५७च्या आधीचं वर्ष. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा रसायनशास्त्र शिकत होता. त्याला रंग करायचाच नव्हता. त्याला करायचं होतं हिवतापाचं औषध, आपल्या आज्या ज्याला कोयनेल म्हणायच्या ते. हिंदुस्थानासारख्या मुलखात इंग्रजांचे शिपाई हिवतापानं मरत होते, आणि कोयनेल एका झाडाच्या सालीपासून मिळायचं, महाग होतं. पर्किननं सुट्टीत घरच्या घरी डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थावर प्रयोग केला. औषध झालं नाही, काळा गाळ झाला. तो अल्कोहोलनं धुताना त्याला दिसलं, की द्राव सुंदर जांभळा झालाय. रेशमावर घालून पाहिलं, रंग चढला आणि धुऊनही राहिला. त्यानं त्याचा हक्क नोंदवला आणि पुढच्या वर्षी कारखाना काढला. त्या रंगाला नाव पडलं मॉव्ह.

लगेच श्रीमंत घरांतल्या बायकांत या छटेची लाट आली. १८५८ साली राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात फिक्या जांभळ्या पोशाखात आली. त्या मागोमाग गुलबक्षी आला, इतर रंग आले, आणि थोड्याच वर्षांत ते रंग कापडाच्या गठ्ठ्यांतून आणि रंगाच्या पुड्यांतून आपल्या बाजारातही पोचले. बादशहाची मक्तेदारी डांबराच्या गाळानं मोडली. पण पर्किनचा रंग कापडाचा. चुन्याच्या भिंतीवर तो टिकणारा नव्हता. भिंतीला जांभळं व्हायला अजून डब्यातला रंग यायचा होता.

आपल्या देशात रंगाचा पहिला मोठा कारखाना १९०२ साली कोलकात्याजवळ हावड्याला निघाला, शालिमारचा. त्याचे रंग मुख्यतः जहाजं, पूल, रेल्वे असल्या कामांना. १९४२ साली, महायुद्धात परदेशी रंग येणं बंद झालं तेव्हा, मुंबईत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी हातात ब्रश आणि डबा घेतलेला खोडकर मुलगा काढला, गट्टू. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर तुम्ही त्याला पाहिलं असेल.

आमच्या गावात डब्यातला रंग घरासाठी आलाच नाही. तो आला पोळ्याला, बैलांच्या शिंगांसाठी, छोट्या डबीतून. उरलेला दाराला लागायचा. बैलाच्या शिंगांना तेली रंग मिळाला आणि घरधनिणीच्या भिंतीला मिळाला नाही, अशी कितीतरी वर्षं गेली. मग भिंती सिमेंटच्या झाल्या, डिस्टेंपर आला, आणि त्याच्याबरोबर रंगारी आला. रंगारी म्हणजे पुरुष. तोवर भिंतीचं काम बाईचं होतं, फुकट होतं. त्याला रोज मिळायला लागला आणि ते पुरुषाचं झालं.

हे फक्त आपल्याच घरी झालं असं नाही. पालघरच्या वारली पाड्यांकडं बघा. लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा मान सवाष्णींचा. पिढ्यान्‌पिढ्या हात बायकांचा. १९७०च्या सुमारास हीच चित्रं कागदावर आली, विकली जाऊ लागली, जगभर गेली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला मोठ्या उंचीवर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तो मान त्यांचाच होता. पण त्या आधी ज्या सवाष्णींनी शेकडो भिंतींवर चौक लिहिले, त्यांची नावं आपल्याला कुठं लिहिलेली सापडत नाहीत. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, आणि नावही गेलं.

डब्याच्या रंगाची एक काळी बाजू आहे. ती सांगितल्याशिवाय हा भाग संपवणार नाही, कारण घरात पोरं आहेत. पूर्वी पांढरा रंग शिशापासून करायचे, त्याला सफेदा म्हणत. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या तेली रंगांतही शिसं असायचं. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, रक्त कमी होतं. कितीही थोडं शिसं मुलांना सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाईच्या शरीरात ते हाडांत साठतं आणि गरोदरपणी परत रक्तात उतरतं. आपल्या सरकारनं २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असायला बंदी आली. आजचा पांढरा रंग बहुतेक टिटॅनियमपासून होतो. ज्या खनिजातून तो निघतो ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे.

पण जुना रंग अजून घरातच आहे. जुन्या दारं-खिडक्यांवर, शाळेच्या, अंगणवाडीच्या जुन्या भिंतींना खाली असलेल्या ऑइलपेंटच्या पट्ट्यावर. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. जुना तेली रंग कोरडा खरवडू नका. पाणी मारून, ओल्या काचपेपरनं घासा. त्या वेळी पोरं आणि गरोदर बाई घरात नको. पडलेली भुकटी झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. परसबागेत किंवा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी टाकू नका. आणि जुनी रंगवलेली चौकट, फळी चुलीत कधीच घालू नका. धुरातून शिसं आपल्याच छातीत जातं. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. डब्यावर काही लिहिलंच नसेल तर तो डबा ठेवा तिथंच.

आता परत आमच्या बैठकीकडं. पुढच्या महिन्यात मी वही उघडली आणि आधी माझी चूक कबूल केली. आईच्या पंचवीस रोजांचा हिशोब वाचून दाखवला. कुणी हसलं नाही. जी बाई शेळीचं बोलली होती, ती म्हणाली, "माझ्या सासूचं घर मोठं होतं. तिचे चाळीस रोज तरी झाले असतील." मग एकेक जण आपल्या भिंती सांगायला लागली. एकीची आत्या मातीच्या खड्ड्यात दबता दबता वाचली होती. एकीला बाळंतपणानंतर महिन्यातच सारवायला बसवलं होतं. त्या दिवशी बैठक उठायला दुपार झाली.

ठराव झाला. आठ हजार, दहा हप्ते. पण एकीनं रास्त प्रश्न काढला, की सगळ्याच जणी रंगाला कर्ज मागायला लागल्या तर शेळ्यांना पैसे कुठून आणायचे? त्यावर भांडण झालं, तेही बरं झालं. शेवटी ठरलं, की घराच्या कामासाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला ठेवायची आणि पाळीपाळीनं द्यायची. हप्ता चुकला की पुढची पाळी थांबणार.

ताईनं रंगारी लावला नाही. तिचा पुतण्या रंगकाम करतो, त्याच्याकडून एक दिवस शिकून घेतलं आणि ती आणि तिची जाऊ, दोघींनी रंग दिला. भिंत आधी पूर्ण वाळू दिली, ओल असलेला कोपरा शोधून पत्र्याची गळती बंद केली, भोकांत लांबी भरली, प्रायमरचा हात दिला, मग रंगाचे दोन. आता दुकानात यंत्र असतं. पांढऱ्या रंगाच्या डब्यात ते जांभळ्याचे, निळ्याचे मोजके थेंब सोडतं. फिक्या रंगाला थेंब थोडे लागतात, म्हणून पांढऱ्यापेक्षा तो फारसा महाग पडत नाही. ज्या रंगासाठी कधी बारा हजार गोगलगायी लागायच्या, त्याचं एवढंच झालंय आता.

एक गंमत झाली. दिवसा भिंत छान दिसायची आणि रात्री मातकट. ताई हिरमुसली. मग निळीची गोष्ट मला आठवली. निळा पिवळ्याला मारतो, तसा पिवळा जांभळ्यालाही मारतो. घरात पिवळा बल्ब होता. पांढरा लावला आणि वांग्याचं फूल परत उमललं. म्हणून रंग पक्का करण्याआधी वहीएवढ्या जागेवर लावून बघा, सकाळी बघा आणि दिवा लागल्यावर बघा.

घरकुलाचे नियम सांगतात, की घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं. ताईच्या दारावर तिचं नाव आहे. पण घर झालं तेव्हा दार कुठं, खिडकी कुठं, फरशी कोणती, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पंचवीस चौरस मीटरच्या त्या घरात तिनं स्वतः ठरवलेली पहिली गोष्ट म्हणजे हा रंग. मी गेले तेव्हा तिची सासू त्या भिंतीला पाठ टेकून बसली होती. म्हणाली, "डोळ्यांना गार वाटतंय." दुसरं काही बोलली नाही. त्या घरात ती चाळीस वर्षं भिंती पोतारत आलेली बाई.

आमच्या वहीत कर्जाच्या कारणांचा एक रकाना आहे. त्यात ताईचं कर्ज मी आधी 'इतर' म्हणून लिहिणार होते. आता तिथं 'घराचं काम' असं लिहिलं आहे. दहाही हप्ते वेळेवर आले.

मैत्रिणींनो, एक काम देते. आज रात्री आईला, सासूला, आजीला विचारा, तुमच्या भिंतींना किती दिवस लागायचे? माती कुठून आणायचात? सोबत कोण असायचं? बोटावर मोजा आणि कागदावर लिहा, नावासकट. पुढच्या बैठकीत तो कागद घेऊन या.